शेवंताचं नाक

शेवंता अ‍ॅम्प्लिफायर आधी हुंगायची, मग उघडायची.

गाडीच्या सीटखाली बसवतात ना, गाणं छातीत धडधडवणारा लोखंडी डबा, तो. गिऱ्हाईक तो काखेत मारून यायचं अन् सुरू व्हायचं, मावशी, काल संध्याकाळपर्यंत चांगला वाजत होता, आज एकदम बंद पडला, आम्ही हातसुद्धा लावला नाही. तिचं तिकडे लक्षच नसायचं. दोन्ही हातांनी डबा उचलायची, जाळीच्या फटीला नाक लावायची, डोळे मिटायची. मग खाली ठेवून म्हणायची, "कॉइल वाचली. इकडची बाजू गेली. अन् आज नाही, परवा जळला हा."

गिऱ्हाईक कान पकडायचं. कारण परवाच जळलेला असायचा.

शेवंता माझी बायको. बेचाळीस वर्षं सोबत होती. तिला जाऊन आठ महिने झाले. मी सातवी नापास, हातात स्टेअरिंग शोभते, पेन नाही. पण तिच्या पुण्यानुमोदनाला विहारात चार जण बोलायला उभे राहिले अन् चौघंही म्हणाले, शेवंताबाई फार सोशिक होत्या, शांत होत्या, कोणाला उलटून बोलल्या नाहीत. मी सतरंजीवर बसून ऐकत होतो. ही कोण बाई, मला कळेना. मेलेल्या माणसाला लोक धुऊन-पुसून असं ठेवतात की घरचा माणूससुद्धा ओळखत नाही. म्हणून मी लिहितो. चुकलं तर चुकलं.

शेवंता सोशिक नव्हती. तिच्या तोंडाला नेरचे निम्मे डायवर घाबरायचे, त्यात मी पहिला.

तिचा बाप बाभुळगावकडचा भोंगेवाला. जयंती असो, लग्न असो, तेरवी असो, सायकलवर मशीन बांधून गावोगाव जायचा. पोरगा नव्हता. पोरगी मागे बसायची, मांडीवर भोंगा धरून. बापाला अक्षर येत नव्हतं. रजिस्टन्सवरचे रंगाचे पट्टे अन् जळाल्याचा वास, एवढीच त्याची शाळा, अन् तीच त्यानं पोरीला दिली. कॉइल जळाली तर काकवी करपल्यासारखा गोडसर वास येते. कंडेन्सर फुटला तर सुकटीचा. रजिस्टन्स जळला तर रंग दिलेलं दार उन्हात तापल्यासारखा. अन् करंटचा सगळा भार घेणारा तो तीन पायांचा काळा मॉस्फेट गेला, तर बैलाचं शिंग जाळल्यासारखा. मला हे तोंडपाठ आहे. कसं झालं ते पुढे सांगतो. तिथंच माझी चूक आहे.

लग्न झालं तेव्हा मी नेर-यवतमाळ लाइनवर काळीपिवळी चालवायचो. त्या काळी गाडीत गाणं नसलं तर सवारी उतरून दुसऱ्याच्या गाडीत बसायची. एकदा भर रस्त्यात माझ्या अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज उडाला. दुसरा फ्यूज कोणाजवळ असते? आमच्या लाइनवर सगळ्यांचा एकच इलाज होता. सिगारेटच्या पाकिटातली चांदी फाडायची, उडालेल्या फ्यूजला गुंडाळायची अन् तोच परत ठोकायचा. मी ठोकला. गाणं सुरू. दहा-बारा किलोमीटर असं वाजलं की मी स्वतःवरच खूश. मग सीटखालून धूर निघाला. मागची एक म्हातारी ओरडली, "अबे डायवर, माही कोंबडी पिशवीत जिती हाय, तू तिले आत्ताच भाजून राह्यला काय?"

घरी आणला. शेवंतानं नाक लावलं.

"चांदी लावली."

"नाही वं."

"डायवर, चांदी लावली."

ती मला डायवरच म्हणायची. रागात डायवर, अन् कधी फार खूश असली तर डायवरसाहेब.

"सारेच लावतात," मी म्हणालो. "फ्यूज उडाला, मंग काय सवाऱ्या रस्त्यावर उतरवू?"

"फ्यूज कायले असते?"

"उडाले."

"हो ना? तो बिचारा सोताचा जीव देऊन सांगून राह्यला, का अंदर काहीतरी बिघडलं, उघडून पाहा. अन् तुमी त्याच्या तोंडाले चांदी बांधली. मंग काय कराव अंदरच्यानं? जळलंच ना!"

दोन दिवस बोलली नाही. भाकर ताटात अशी आदळायची की वरण उडायचं. तिसऱ्या दिवशी बापाकडून आणलेली कढई, म्हणजे कथलाचा डाग द्यायची दांड्याची इस्त्री, गरम केली अन् बसली. आत एक रजिस्टन्स पार कोळसा झाला होता. रंगाचे पट्टे गेलेले. त्याचा आकडा किती, काय कळणार? मी म्हटलं, आता फेकावं लागते. ती हसली. त्या डब्यात दोन बाजू असतात, डावी अन् उजवी, दोन्हींत सामान सारखं. तिनं दुसऱ्या बाजूला त्याच जागेवरचा धड रजिस्टन्स मोजला अन् तसाच इकडे लावला.

"जळालेला आपला आकडा सांगत नाही," ती म्हणाली. "त्याच्या जोडीदाराले इचाराव लागते."

हे ती पुढं हजार वेळा म्हणाली असेल. कोणी म्हातारं विहारात येईनासं झालं की त्याच्या बायकोला विचारायची, कोणाची सून गप्प दिसली की तिच्या नवऱ्याला गाठायची. जळालेल्याला विचारून उपयोग नाही म्हणायची.

मग घराला लागून टिनाचं शेड टाकलं अन् ती तिथं बसायला लागली. नवं गिऱ्हाईक आलं की मजा असायची. एकदा एक पोरगा मोठ्या गाडीतून उतरला, काळा चष्मा, गळ्यात साखळी.

"मावशी, मेकॅनिक कुठी गेला?"

"जेवून राह्यला. बसा."

ती आत गेली. पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं, परत येऊन खुर्चीवर बसली. "आला. दाखवा."

पोरगा बघतच राहिला. "तुमी? तुमी दुरुस्त करता?"

"काहून? डबा हुंगाले नाक लागते का मिशा लागते?"

मी कोपऱ्यात बसून हसत होतो. तिनं माझ्याकडे न बघता म्हटलं, "मिशा पाह्यजे असन तर त्या तिकडे हायेत. त्याईनं कोंबडी भाजली होती एकदा."

दुरुस्ती झाली की जळालेला भाग ती फेकायची नाही. कागदात बांधून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायची. "हे घरी न्या. आवाज वाढवासा वाटला का पाहा याच्याकडे." किती जणांनी पाहिलं असेल कोणास ठाऊक. पण बऱ्याच गाड्यांच्या काचेसमोर मी ते काळे तुकडे लटकलेले पाहिलेत, लिंबू-मिरची लटकवतात तसे.

तिची आणखी एक सवय होती, ती सांगतो. डाग देताना राळेचा धूर निघते. तो वास बोटांत मुरते. संध्याकाळी कणिक भिजवायच्या आधी ती तीनदा साबणानं हात धुवायची, हुंगायची, परत धुवायची. राळेचा वास पूर्ण गेल्याशिवाय पिठाला हात लावायची नाही. एकदा मी भुकेनं कावलो होतो. म्हटलं, "हात धू अन् टाक लवकर, मले राळ खाल्ल्यानं काही होत नाही." म्हणाली, "माही माय बापाची मशीन पुसून त्याच हातानं भाकर करे, बाप वासानं अर्ध्यातून उठून जाये. मी तसं करणार नाही."

मग माझे गुडघे गेले. गाडी विकली. दिवसभर शेडमध्ये बसून राहायचो. तूर सोंगणीचे दिवस होते, मला पक्कं आठवते, कारण बाहेर रस्त्यानं तुरीच्या गाड्या जात होत्या. तिनं एक डबा हुंगला, थोडी थांबली, अन् माझ्यासमोर धरला.

"पाहा बरं. काय वाटते?"

"मले काय समजते त्यातलं?"

"नाक हाय ना? घोरता तर मस्त त्यानं."

मी हुंगलं. "काहीतरी गोड गोड येते. जळालेल्या गुळासारखं."

"काकवी म्हना," ती म्हणाली. "कॉइल."

तेव्हापासून रोजचं झालं. आधी ती हुंगायची, डोळे मिटून, पहिल्यासारखीच. मग डबा माझ्याकडे. "बोला डायवर." मी चुकलो तर डबा उघडल्यावर जळालेला भाग काढून माझ्या नाकाखाली धरायची, हा पाहा, अन् हा पाहा. महिन्याभरात मी चुकेनासा झालो. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं, ही मला धंदा शिकवून राहिली. रिकाम्या माणसाला काम देऊन राहिली. मी चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगायचो, "साठीच्या वर नाक उघडलं आमचं! आमची मिसेस आता मले इचारल्याशिवाय डबा उघडत नाही."

खरंच उघडत नव्हती.

त्याच सुमारास ती संध्याकाळी हात धुऊन माझ्यासमोर धरायला लागली. दोन्ही तळवे, ओले. "पाहा बरं, गेला काय राळीचा वास?" मी हुंगायचो. "अजून येते." ती परत धुवायची. मला आतून बरं वाटायचं. इतक्या वर्षांत तिनं असा लाड कधी केला नव्हता. म्हातारपणी बायको मऊ झाली, असं समजून मी बसलो.

एक दिवस चुलीवर बेसन करपलं. घरभर धूर. मी बाहेरून आलो तर ही चुलीपासून दोन हातांवर बसून मेथी निवडत होती. मला भूक लागली होती, तोंड सुटलं.

"नाक गहाण ठेवलं काय वं? साऱ्या तालुक्याच्या गाड्या हुंगते, अन् सोताच्या चुलीवरचं समजत नाही तुले?"

ती उठली. बेसनाचं पातेलं उतरवलं. "ध्यान नव्हतं," म्हणाली.

एवढंच. शेवंतानं मला उलटून उत्तर दिलं नाही. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला पाहिजे होता. मी करपलेलं बेसन खरवडून खाल्लं अन् झोपलो.

डोकं दुखते म्हणायची. कपाळाच्या मागे, आत. मी मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणायचो. दुखलं की पट्टीतून गोळी फोडून द्यायचो, पाण्याचा गिलास द्यायचो. तासाभरात म्हणायची, बरं वाटते. मी म्हणायचो, पाहा, उतरलं ना! एक पट्टी संपली की दुसरी आणायचो. मग तिला सामान दोन दोन दिसायला लागलं. एका जागेवर डाग द्यायचा तर दुसऱ्याच जागेवर द्यायची, अन् चिडायची. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असन. चष्मा बदलला.

एका दुपारी मी शेडमधल्या खाटेवर पडलो होतो. वास आला. ना काकवीचा, ना शिंगाचा, कापडाचा. डोळे उघडले तर तिचा पदर गरम कढईवर पडलेला अन् त्याला विस्तव लागलेला. धूर तिच्या तोंडासमोरून वर जात होता. ती खाली मान घालून स्क्रू शोधत होती.

"शेवंते!"

मी धावलो, म्हणजे गुडघ्यांनी जेवढं धावू दिलं तेवढं. हातानं विझवला. माझा तळवा भाजला. तिनं जळालेला पदर पाहिला, मग माझा हात पाहिला, अन् एकदम लहान पोरीसारखी म्हणाली, "मले नाही आला वास."

यवतमाळला नेलं, तिथून नागपूरला. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या नातीसारखी. तिनं शेवंताला डोळे मिटायला लावले अन् नाकाखाली साबणाची वडी धरली. मग कॉफीची पूड. मला खुर्चीवरून दोन्ही वास येत होते.

"काही येतंय का आजी?"

"नाही."

"कधीपासून येत नाही?"

शेवंतानं डोळे उघडले नाहीत. "दीड वरीस झालं."

मी मागे मोजत गेलो. उन्हाळा, दिवाळी, पाऊस, परत उन्हाळा. अन् थेट तुरीच्या गाड्यांपाशी जाऊन थांबलो. पाहा बरं, काय वाटते? बोला डायवर. गेला काय राळीचा वास?

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. चिडून नाही, साधं विचारलं तिनं. "बाबा, तुम्ही तर सोबत असता. तुमच्या काही लक्षात आलं नाही का?"

जोडीदाराला विचारलं तिनं. बरोबर विचारलं. मी फरशीकडे बघत बसलो. माझ्या शर्टाच्या खिशात तेव्हासुद्धा गोळ्यांची पट्टी होती. अर्धी रिकामी, चांदी फाटलेली. ती बोटांना लागली तसा मी हात बाहेर काढला.

नाकाच्या वर, कपाळाच्या मागे गाठ होती. लिंबाएवढी म्हणाले. अशी गाठ हळूहळू वाढते म्हणाले, वर्षानुवर्षं. आधी वास जाते, मग नजर. गाठ लहान होती तेव्हाच आले असते तर सोपं होतं. आता काढावी लागेल, पण वय आहे, भरवसा नाही. पुढच्या आठवड्याची तारीख दिली अन् तोपर्यंत घरी जा म्हणाले.

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. मग विचारलंच.

"कायले लपवलं वं?"

"लपवलं कुठी? तुमाले रोज इचारत होती ना."

"तसं इचारणं असते काय? सांगाव लागते."

ती म्हणाली, "बापानं घर नाही देल्लं, वावर नाही देल्लं. हे एकच देल्लं. तेही गेलं म्हणून कोनत्या तोंडानं सांगू?" थोड्या वेळानं म्हणाली, "अन् तुमचं नाक तसंही रिकामंच होतं, डायवरसाहेब."

मी हसलो नाही. ती हसली.

ऑपरेशन झालं. त्यानंतर ती नऊ दिवस राहिली अन् गेली. त्या नऊ दिवसांतली बाई मी लिहिणार नाही. ती नळ्यांची होती. डोकं भादरलेलं, डोळे अर्धे. ती शेवंता नव्हती.

माझी शेवंता ऑपरेशनसाठी नागपूरला निघायच्या आदल्या दिवशीची.

त्या दिवशी दुपारून एक पिकअपवाला आला, आमचा जुना माणूस. काखेत डबा. त्याला काही माहीत नव्हतं. "मावशी, काल तं चांगला वाजत होता," त्याचं सुरू झालं. मी त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावायला उठलो. तिनं हात केला, बसा म्हणून.

डबा दोन्ही हातांनी उचलला. जाळीला नाक लावलं, डोळे मिटले. किती तरी वेळ तसाच धरून ठेवला, जणू आत कोणी तिला काही सांगत होतं. मग माझ्याकडे दिला. मी हुंगलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण वास आला. शिंगाचा.

"शिंग," मी म्हणालो.

"मॉस्फेट गेला," ती पिकअपवाल्याला म्हणाली. "मी नाही सांगून राह्यली, हे सांगून राह्यले. मले वास येत नाही आता. दीड वरसापासून याईच्याच नाकानं तुमच्या गाड्या वाजून राह्यल्या."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली.

"तुमी चांदी लावली होती ना फ्यूजले?" तिनं त्याला विचारलं.

"नाही मावशी, आईची आन."

"खोटं नोका बोलू. वास येत नाही, दिसते थोडं थोडं."

तिनं तो डबा दुरुस्त केला. नजर धड नव्हती. मी बोट ठेवायचो, इथं, अन् ती माझ्या बोटाच्या बाजूला कढई टेकवायची. दोनदा मला चटका बसला. दोन्ही वेळा तिनं माझंच बोट वाकडं म्हटलं. जळालेला मॉस्फेट काढून कागदात बांधला, पिकअपवाल्याच्या हातात दिला. गाणं लावून पाहिलं. वाजलं. तो गेला. त्याचं गाणं वळणापर्यंत ऐकू आलं.

तिनं कढईची वायर काढली, ती थंड होईपर्यंत बसून राहिली, मग फडक्यात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली. रोज टेबलावरच असायची.

मग मोरीत गेली. साबणाचा आवाज येत होता. एकदा धुतले, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. बाहेर आली. दाराजवळ ऊन तिरपं पडलं होतं, त्यात उभी राहिली. भाजलेल्या पदराचीच साडी होती अंगावर, ते टोक तिनं आत खोचलं होतं. परातीत पीठ काढून ठेवलेलं होतं. तिनं दोन्ही तळवे माझ्या तोंडासमोर धरले. पाणी निथळत होतं.

"पाहा बरं, गेला काय?"

मी तिचे हात धरले. नाकाला लावले. राळ, साबण, अन् खाली कुठंतरी शिंग.

वास गेला नव्हता.

"गेला," मी म्हटलं.

ती कणिक भिजवायला बसली.